पडद्यामागचं पाणी
(रजत महोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेलं भाषण)



२५ वर्षांत आपल्या सोसायटीत सर्वांत जास्त चर्चा झाली ती लीकेजची. मी डोळ्यांची डॉक्टर, तेव्हा मीही लीकेजबद्दलच बोलते, पण डोळ्यातल्या.

डोळ्याच्या आत मागे पडदा असतो, म्हणजे रेटिना. तो सरकला म्हटलं की सगळ्यांना ऑपरेशन आठवतं. पडद्याला भोक पडून पाणी मागे शिरलं असेल, तर ते लागतंच आणि लवकर लागतं. पण कधीकधी भोक नसतं. पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराला सूज येते, त्यातून पाणी झिरपतं आणि पडदा फुगतो. पाइप गळून भिंतीचं प्लास्टर फुगावं, तसं. तिथे आधी गळती शोधायची असते.

अशा सुजेचा एक आजार म्हणजे व्हीकेएच. व्होग्ट, कोयानागी आणि हाराडा या तीन डॉक्टरांनी १९०६ ते १९२९ या काळात त्याची वर्णनं केली. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते. या पेशी डोळ्याप्रमाणे कानात, त्वचेत आणि मेंदूच्या आवरणातही असतात. म्हणून बऱ्याचदा आधी डोकं दुखतं, मान आखडते, कानात आवाज येतो आणि मग काही दिवसांत दोन्ही डोळ्यांना अंधूक दिसू लागतं. पेशंट मात्र डोळ्यांच्या डॉक्टरला कानाचं कशाला सांगेल? पण निदानाचा धागा तिथेच असतो.

आम्ही जुन्या जखमेबद्दलही खोदून विचारतो. एका डोळ्याला खोल इजा झाली, तर काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही, दोन्ही डोळ्यांना अशीच सूज येऊ शकते. मग थेंब घालून पडदा पाहायचा, ओसीटी आणि डोळ्याची सोनोग्राफी करायची, हाताच्या शिरेत रंग देऊन पडद्याचे फोटो काढायचे. टीबी आणि सिफिलिसच्या तपासण्याही होतात, कारण त्यांचंही रूप असंच असू शकतं.

"एवढ्या तपासण्या कशाला, डॉक्टर?" असं लोक विचारतात. कारण व्हीकेएचला स्टिरॉइड भरपूर आणि लवकर द्यावं लागतं. सेंट्रल सिरस नावाच्या आजारातही पडद्यामागे पाणीच दिसतं, पण तिथे स्टिरॉइडने ते वाढतं. टीबी नजरेतून सुटला, तर नुसत्या स्टिरॉइडने तो बळावतो. एकाचं औषध दुसऱ्याची नजर घालवू शकतं.

तेव्हा मंडळी, अचानक अंधूक दिसलं तर "चष्म्याचा नंबर वाढला असेल" म्हणत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. डोकेदुखी, कानातला आवाज, जुना मार, सगळं सांगा. शेजारच्यांची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्टिरॉइड आणू नका आणि सुरू केलेलं मनाने बंद करू नका. व्हीकेएचची औषधं महिनोन्महिने, हळूहळू कमी करायची असतात. वेळेवर सुरू झाली, तर बहुतेकांची नजर चांगली परत येते.