मिशिगन ते भोसरी



भोसरी एमआयडीसीतल्या आतल्या गल्ल्यांमधून चालत गेलात, की अर्धवट वर केलेल्या शटरमागे दोन-चार सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारे लेथ आणि एखादं व्हीएमसी, म्हणजे तसंच मिलिंग मशीन, चालू दिसतं. कूलंटचा वास, पत्र्याखालचा उकाडा, आणि पडद्यावर सरकत जाणाऱ्या ओळी: जी झीरो वन, एम झीरो थ्री, एम थर्टी. जी झीरो वन म्हणजे सरळ रेषेत, दिलेल्या वेगाने कापत जा. एम झीरो थ्री म्हणजे स्पिंडल फिरव. एम थर्टी म्हणजे प्रोग्रॅम संपला. बीडहून, लातूरहून, साताऱ्याहून आलेला आयटीआय झालेला मुलगा या ओळी सहज वाचतो. डिजिटल युग म्हटलं की पुण्यात लोक हिंजवडीच्या आयटी पार्ककडे बोट दाखवतात. पण हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहण्याआधीच ते भोसरी-पिंपरीच्या कामगाराच्या हाताखाली आलं होतं. आणि त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत, तिथल्या हवाई दलाच्या तिजोरीत आणि तिथल्या कामगारांच्या संपांतसुद्धा आहे. आज तीच हकिगत सांगायची आहे.

मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी नावाचं गाव आहे. तिथे जॉन पार्सन्स यांचा कारखाना हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. पात्याचा वाक मोजून काढायला कठीण आणि कापायला त्याहून कठीण. पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्युलेन यांनी आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रावर त्या वाकावरच्या बिंदूंचं गणित करून घेतलं. मग मिलिंग मशीनपाशी माणसं उभी केली. एक जण कागदावरचे आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा एका अक्षाचं चाक फिरवणार, तिसरा दुसऱ्या अक्षाचं. आकडा ऐकायचा, चाक फिरवायचं, थांबायचं. सगळं सीएनसी या एका दृश्यात आहे. पुढे फक्त माणसांच्या जागी मोटारी आल्या आणि वाचणाऱ्याच्या जागी टेप आली.

ती टेप आणायला पैसा लागणार होता, आणि तो शीतयुद्धाने पुरवला. 1949 साली अमेरिकी हवाई दलाने पार्सन्स यांना कंत्राट दिलं. त्यांनी कामाचा काही भाग एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे सोपवला, आणि हळूहळू प्रकल्पाची सूत्रं प्रयोगशाळेकडेच गेली. 1952 मध्ये एमआयटीने सिनसिनाटी कंपनीचं हायड्रोटेल मिलिंग मशीन कागदाच्या छिद्रांकित पट्टीवर चालवून दाखवलं. नियंत्रणाची कपाटं व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेली होती. असलं महागडं यंत्र घेणार कोण? कारखानदार पुढे येईनात. तेव्हा हवाई दलाने स्वतःच अशी शंभराहून अधिक यंत्रं विकत घेऊन विमान कारखान्यांत बसवली. बाजाराने नाकारलेली वस्तू सरकारने संरक्षणाच्या नावाने उभी केली. अमेरिकेचं तंत्रज्ञान मुक्त बाजारातून आलं असं आपल्याला नेहमी सांगितलं जातं, म्हणून हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. 1959 च्या फेब्रुवारीत एमआयटीने एपीटी ही प्रोग्रॅमिंगची भाषा जाहीर केली, तेव्हा त्या भाषेवर कापलेले अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅशट्रे पत्रकारांना वाटले होते. त्या प्रकल्पाचाही खर्च हवाई दलाचाच.

आता या हकिगतीतला जो भाग मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो, तो सांगतो. त्याच काळात यंत्र आपोआप चालवण्याचा आणखी एक मार्ग उपलब्ध होता. जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांत इंजिनिअरांनी तो करूनही पाहिला होता. कुशल टर्नरने किंवा मिलरने पहिला जॉब स्वतःच्या हाताने करायचा, त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय टेपवर नोंदवायच्या, आणि पुढचे जॉब यंत्राने ती टेप ऐकून करायचे. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा कामगारच. हा मार्ग मागे पडला. विमानाच्या अवघड आकारांना गणित हवंच होतं, हे कारण खरं आहे. पण डेव्हिड नोबल या इतिहासकाराने 1984 साली ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात दुसरं कारण मांडलं. 1945-46 मध्ये अमेरिकेत मोटार, पोलाद, वीज-यंत्रं अशा उद्योगांत संपांची प्रचंड लाट आली होती. 1947 मध्ये तिथल्या काँग्रेसने टाफ्ट-हार्टले कायदा करून संघटनांचे हात बांधले. अशा वातावरणात मालकांना कामाचं ज्ञान कामगाराच्या हातातून काढून ऑफिसातल्या टेबलावर आणायचं होतं, आणि टेपने ते साधत होतं. नोबल यांचं सगळंच मी स्वीकारत नाही. हवाई दलाला हवी असलेली अचूकता नुसत्या हाताच्या नोंदीतून मिळाली नसती असं मला वाटतं. तरी यंत्राच्या रचनेत राजकारण शिरतं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. कर्ट व्हॉनेगट हा कादंबरीकार त्या वेळी जनरल इलेक्ट्रिकमध्येच नोकरीला होता. 1952 च्या ‘प्लेअर पियानो’ या कादंबरीत त्याने असा लेथवाला रंगवला आहे, ज्याच्या हाताची हालचाल टेपवर घेतली जाते आणि मग त्याची गरज उरत नाही.

मग ही यंत्रं आपल्याकडे आली कशी? अमेरिकी कंपन्या विमानांसाठी मोठी, महाग यंत्रं बनवत राहिल्या. जपानमध्ये फुजित्सुने 1956 पासून या कामाला हात घातला. त्यातूनच 1972 मध्ये फॅनक ही वेगळी कंपनी झाली. मायक्रोप्रोसेसर आल्यावर जपान्यांनी लहान कारखान्याला परवडेल असं नियंत्रण बनवलं. भोसरीच्या गाळ्यात आज फॅनकचं नाव दिसतं ते म्हणून.

इकडे आपली जमीन तयार होत होती. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. 1966 मध्ये सुमंत मुळगावकरांच्या टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने इथे पाय रोवले. त्यांनी आधी हत्यारं बनवणारी माणसं घडवली, प्रशिक्षण आणि मशीन टूलचं काम उभं केलं. पुण्याचा पहिला ट्रक बाहेर पडला 1977 मध्ये. आजच्या भोसरीतल्या कितीतरी लघुउद्योजकांची कारागिरी त्या शिस्तीतून आलेली आहे.

पण ही आकड्यांवर चालणारी यंत्रं म्हणजे नुसता व्यापारी माल नव्हता. साम्यवादी देशांना तंत्रज्ञान मिळू नये म्हणून पाश्चात्त्य राष्ट्रांनी 1949 पासून कोकॉम नावाची निर्बंधांची व्यवस्था ठेवली होती. तोशिबाच्या एका कंपनीने सोव्हिएत रशियाला पाणबुडीच्या पंख्यांसाठी मिलिंग मशीनं विकल्याचं 1987 मध्ये उघड झालं, तेव्हा अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांनी संसदेच्या आवारात हातोड्याने तोशिबाचा रेडिओ फोडला होता. निर्बंधांचा असाच अनुभव आपल्यालाही आला: साधारण त्याच वेळी भारत अमेरिकेतल्या क्रे कंपनीचे महासंगणक मागत होता. हवामान अंदाजासाठी एक मिळाला, तोही कमी ताकदीचा आणि अटींसह. पुढची मागणी अडली. त्यातून 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही प्रगत संगणनाची संस्था स्थापन झाली, आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. वॉशिंग्टनच्या नकाराने पुण्याच्या गणेशखिंडीत एक संस्था घडवली.

जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीचा प्रवासही सांगायला हवा. जगातला पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, 1961 मध्ये न्यू जर्सीतल्या त्यांच्या कारखान्यात कामाला लागला. मॉडेल बदललं की यंत्रं चालवणाऱ्या रिलेंची अख्खी पॅनेल फेकावी लागत, म्हणून 1968 मध्ये त्यांच्याच एका विभागाने पर्याय मागवला, आणि डिक मॉर्ली यांच्या गटाने पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक, दिला. त्याची भाषा मुद्दाम वायरमनला वाचता येईल अशी ठेवली. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. हीच जनरल मोटर्स 2008 मध्ये तळेगावला आली आणि 2020 च्या डिसेंबरात तिने तिथलं उत्पादन थांबवलं. कामगार न्यायालयापर्यंत गेले. कंपनी गेली, पण चाकणच्या जवळपास प्रत्येक पॅनेलमध्ये पीएलसी आहेच.

आणि कामगाराचं काय झालं? टेप आली तरी ज्ञान पूर्णपणे टेबलावर गेलं नाही. कापणारा इन्सर्ट झिजतो, सळीचा कडकपणा बदलतो, दुपारच्या उन्हात यंत्र तापून माप काही मायक्रॉनने सरकतं. ते कानाने, चिपच्या रंगावरून ओळखून ऑफसेट देणारा माणूस लागतोच. चांगला सेटर प्रोग्रॅममध्ये दोन ओळी बदलून सायकल टाइम खाली आणतो.

पण सीएनसीच्या पॅनेलवर एक छोटी चावी असते. ती बंद असली की प्रोग्रॅममध्ये काहीही बदलता येत नाही. अनेक ठिकाणी ती सुपरवायझरच्या खिशात असते, आणि ऑपरेटरने फक्त जॉब लावायचा, हिरवं बटण दाबायचं, जॉब काढायचा. कंत्राटी मुलगा सहा-सात महिन्यांत निघून जातो आणि बटणापलीकडे काहीच शिकत नाही. महायुद्धानंतर अमेरिकेत झालेली निवड आपण दररोज नव्याने करतो आहोत. आपल्यावर ती कुणी लादलेली नाही. भोसरी, चाकण, तळवडे, तळेगावच्या लघुउद्योजकांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलाला जी कोड शिकवा, त्याच्या चुका सिम्युलेशनमध्ये होऊ द्या, आणि वर्षभरात ती चावी त्याच्या हातात द्या. आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या माझ्या तरुण मित्रांनो, पडद्यावरची प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय शिफ्ट संपवू नका.