भेग बुजवण्याआधी

आपण बसलोय त्या टोकियोजवळच्या ग्योतोकुत एदो काळात मिठागरं होती. इथलं मीठ कालव्यांतून होड्यांनी शोगुनच्या राजधानीत जायचं. 1969 मध्ये तोझाई मेट्रो लाइन आली, पाठोपाठ इमारती आल्या. तुमच्यातले बरेच जण त्यांतच राहतात. साधारण बारा-पंधरा वर्षांनी इमारतीला परांची लागते, जाळी चढते आणि मोठी दुरुस्ती सुरू होते. त्या वेळी खिडकीबाहेर जरा बघा. कामगार भेगेवर एक पारदर्शक पट्टी धरतो, पट्टीवरच्या रेघांशी भेगेची रुंदी ताडून पाहतो आणि शेजारी आकडा लिहितो.

त्या आकड्यावर उपाय ठरतो. ढोबळमानाने 0.2 मिलीमीटरच्या आतली भेग वरून लेप देऊन झाकतात. 0.2 ते 1 पर्यंत रबरबँड ताणलेल्या छोट्या पिचकाऱ्या चिकटवून इपॉक्सी हळूहळू आत सोडतात. घाईनं, जोरात दाबलं तर ते खोलवर जातंच असं नाही. त्याहून रुंद भेग खाचेसारखी कापून भरतात.

तक्ता सोपा आहे, आणि मला धास्ती वाटते ती त्याचीच. रुंदीवरून भेग का पडली हे कळत नाही. वाळताना आकसून पडलेली भेग बहुधा पुढे थांबते. ती इपॉक्सीनं सांधली की झालं. पण ऊन-थंडीनं उघडमीट करणाऱ्या भेगेत कडक इपॉक्सी भरलं, तर सांधा टिकतो आणि शेजारचं काँक्रीट फाटतं. तिथे ताणलं जाणारं सीलंटच हवं.

भेग सळईच्या रेषेत धावत असेल, तपकिरी ओघळ दिसत असेल, तर पिचकारी बाजूला ठेवा. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, तोच काँक्रीट फोडतो. तिथे पोकळ भाग फोडायचा, सळई घासून साफ करायची, गंजरोधक लावायचं, मगच नवं मॉर्टर. मिठातलं क्लोराइड हा गंज वाढवतं. जपाननं ताज्या काँक्रीटमधल्या क्लोराइडवर घनमीटरला 0.3 किलोची मर्यादा घातली ती 1986 मध्ये. इमारत त्याआधीची असेल तर मिठाची चौकशी जरूर करा. ग्योतोकुला मीठ काही नवं नाही!

नुसती भेग भरून भागत नाही, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण कोयनेचं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला आणि 103 मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात, जिथे मागचा उतार एकदम बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. अभियंत्यांनी त्यांत इपॉक्सी भरलं, पण तेवढ्यावर हात झटकले नाहीत. ताणलेल्या पोलादी केबलांनी धरण आवळलं आणि पुढे मागच्या बाजूनं काँक्रीटचे टेकू दिले. भेग सांधली तरी धरणाचा आकार तोच राहणार, आणि पुढच्या हादऱ्यात ताण पुन्हा तिथेच येणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

तेव्हा इमारतीच्या बैठकीत अंदाजपत्रक समोर आलं, की दराआधी एक विचारा: हीच भेग हिवाळ्यात मोजली होती का, आणि तेव्हा ती किती होती? थंडीत काँक्रीट आकसतं, भेग रुंदावते. दोन ऋतूंतले दोन आकडे कुणाकडेच नसतील, तर हलत्या भेगेवरचा उपाय तुम्ही आज ठरवूच शकत नाही.