इंजनाचा दम का तुटतो?

(पालम येथे प्रौढ साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



मागच्या बैठकीत तुमच्यापैकी एकांनी विचारले, "गुरुजी, माझं इंजन सुरू होतं, अर्धा तास झकास पाणी फेकतं, अन् मग मरगळतं. काय करावं?" त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. ते उत्तर शिकण्यासाठी आमचे एक गव्हाचे पीक गेले आहे. ती हकीकत सांगायला निवांत वेळ हवा होता. आज ती सांगतो.

आपल्या तालुक्यात गोदावरीच्या काठाला बरीच गावे आहेत. वीज आता गावोगाव आली. पण ती कधी रात्रीची येते, कधी डीपी जळतो. म्हणून काठावर डिझेलची इंजने अजून दिसतात. आमच्याकडे पाच हॉर्सपॉवरचे एक आहे. आम्ही मॅट्रिक झालेले मास्तर. इंजनाची विद्या आम्हांला कोणी शाळेत शिकवली नाही. जे सांगतो ते ठेचा खाऊन शिकलेले आहे.

आधी इंजन चालते कसे ते पाहू. सायकलमध्ये हवा भरताना पंप जोराने मारा. पंपाचे बूड हाताला गरम लागते. हवा दाबली की ती तापते. इंजनात पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते. पाणी शंभर अंशांना उकळते, यावरून अंदाज करा. त्या तापलेल्या हवेत नॉझलमधून तेलाचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. काडी नको, ठिणगी नको. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनियराने १८९७ साली असे इंजन चालवून दाखवले. आपण तेलाला डिझेल म्हणतो, ते त्याच्या आडनावावरून. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. लोखंडी नांगर करणारे जे किर्लोस्कर, त्यांचेच हे घराणे.

तेव्हा इंजनाला तीन गोष्टी लागतात. हवा, तेल आणि दाब. हवा किती लागते? एक लिटर डिझेल नीट जळायला जवळजवळ दहा हजार लिटर हवा लागते. आपण तेलाचा हिशेब ठेवतो, हवेचा कोणी ठेवत नाही.

आता आमची गोष्ट. त्या वर्षी तीन एकर गहू होता. दाणा चिकात आला होता. या वेळी पाणी चुकले की दाणा भरत नाही, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे! आणि नेमके तेव्हाच इंजन रुसले. सुरू केले की छान चाले. अर्ध्या तासाने आवाज बसे, पाणी कमी पडे, मग बंद. आम्ही टाकीचे झाकण काढून पाहायचो. डिझेल तर भरपूर. झाकण लावायचो, हँडल मारायचो, की पुन्हा सुरू. पुन्हा अर्धा तास. असे दोन दिवस चालले.

मग मिस्त्री बोलावला. त्याचे नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "गुरुजी, रिंगा गेल्या. नॉझलही बदलावं लागंल." इंजन टेम्पोत घालून त्याच्या दुकानी नेले. आठ दिवस लागले. साडेसहा हजार रुपये गेले. दुकानात त्याने आपल्या डब्यातून तेल जोडून इंजन तासभर चालवून दाखवले. काय आवाज होता! आम्ही खूश. शेतात आणून आपल्या टाकीला जोडले. अर्धा तास चालले आणि मरगळले.

तोवर गहू वाळला होता. एकरी बारा पोती येतील असा अंदाज होता. पाच आली, तीही सुरकुतलेल्या दाण्याची.

त्या उन्हाळ्यात आमचे एक जुने विद्यार्थी आम्हांला कोकणात घेऊन गेले. ते तिकडे नोकरीला आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात हर्णै नावाचे बंदर आहे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो. किनाऱ्यावर मासळीचा मोठा लिलाव होतो. तिथल्या होड्या आम्ही पाहिल्या. पूर्वी होड्या शिडावर आणि वल्ह्यावर चालत. केरळात १९५३ पासून नॉर्वे देशाच्या मदतीने होड्यांना इंजने बसवू लागले. पुढे आपल्या किनाऱ्यावरही इंजनाच्या होड्या वाढल्या. हे इंजन होडीच्या पोटात असते. त्याचा लांब दांडा मागून बाहेर निघतो आणि टोकाला पाण्यात पंखा असतो. इंजनाचा कारभार मात्र आपल्यासारखाच. तीच हवा, तेच तेल, तोच दाब.

होडीचा जो मुख्य, त्याला तांडेल म्हणतात. असे एक म्हातारे तांडेल आम्हांला भेटले. आम्ही आमचे रडगाणे गायले. ते हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, तुमचं इंजन बंद पडलं तर गहू वाळतो. आमचं बंद पडलं तर वारा होडीला खडकावर नेतो. तिथे मिस्त्री कुठून आणणार? म्हणून आम्ही इंजन खोलायच्या आधी त्याला विचारतो."

"काय विचारता?" आम्ही म्हटले.

"पहिलं, तू थकलास की तुझं ओझं वाढलं? पंख्याला जाळं किंवा दोर गुंडाळला तर इंजन काय करणार? दुसरं, धूर कसा आहे? तिसरं, सुरुवातीपासून दम नाही, की चालून चालून जातो?"

आम्ही सांगितले की चालून चालून जातो. धूर? आठवून सांगितले की काळा नव्हता, जवळजवळ नव्हताच. तेव्हा ते लगेच म्हणाले, "तेल पोचत नाही. टाकीला श्वास आहे का?"

टाकीला श्वास! आम्ही चकित झालो. मग त्यांनी विचारले, "गोड्या तेलाचा डबा घरी कसा फोडता?" दोन भोके पाडून. एकच भोक पाडले तर तेल गडगड करते आणि थांबते. दुसऱ्या भोकातून हवा आत गेली की धार लागते. इंजनाच्या टाकीचेही तसेच आहे. तेल खाली जाईल तितकी हवा वरून आत आली पाहिजे. म्हणून झाकणाला बारीक छिद्र ठेवलेले असते. ते बुजले की टाकीत ओढ तयार होते आणि तेल उतरत नाही. कधी धुळीने बुजते, कधी कुंभारीण माशी त्यात माती भरते. आणि आमचे? आम्हीच बुजवले होते! आदल्या पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी गेले होते, म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घालून ते घट्ट आवळले होते. डिझेल पाहायला झाकण काढायचो, तेव्हा हवा आत जायची आणि पुढचा अर्धा तास इंजन चालायचे. म्हणजे औषध दर वेळी आमच्याच हातून होत होते, आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता. मिस्त्रीच्या दुकानात ते का चालले, हेही आता उघड झाले. तिथे टाकी त्याची होती.

आता धुराचे पाहू. काळा धूर म्हणजे तेल जास्त, हवा कमी. हवेची गाळणी धुळीने भरली असेल. मळणीच्या दिवसांत भुसकट उडते, तेव्हा ती रोज झाडावी. किंवा सायलेन्सर काजळीने चोंदला असेल. किंवा ओझे वाढले असेल. पंपाची ग्लँड दोरी फार आवळली, बेअरिंग धरले, की इंजन काळे ओकते. निळा धूर म्हणजे इंजनातले वंगणाचे ऑइल जळते आहे. तिथे रिंगांचा संशय रास्त आहे. पांढरा धूर गार इंजन सुरू करताना थोडा येतो, तो चालतो. येतच राहिला तर डिझेलमध्ये पाणी आहे, फवारा नीट उडत नाही, किंवा दाब कमी आहे. आणि दम तुटतो पण धूर साफ, तर तेलाची वाट तपासावी. झाकण, कॉक, नळी, फिल्टर, या क्रमाने.

काही लोक पट्टा काढून इंजन मोकळे फिरवतात. भरभर फिरले की म्हणतात, इंजन ठीक आहे. हे खरे नाही. मोकळ्या इंजनाला तेल थोडेच लागते, म्हणून अर्धवट तुंबलेल्या नळीवरही ते फिरते. उलट, इंजनाचा आवाज हलका आणि पाणीच कमी, असे असेल तर इंजनाला हात लावू नका. फूटव्हॉल्व्हला शेवाळ किंवा पालापाचोळा लागला असेल. पट्टा घसरत असेल.

दाब पाहायचा तर हँडल हाताने सावकाश फिरवा. एका जागी ते जोराने अडले पाहिजे. लोण्यासारखे गपकन फिरले तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा ढिल्या आहेत. तेव्हा मात्र मिस्त्री बोलवा.

तांडेलांनी आणखी एक गोष्ट सांगितली. टाकीच्या तळाला गाळ बसतो. समुद्र शांत असला तर तो तळालाच राहतो. वादळात होडी हेलकावे खाते, गाळ वर येतो आणि नेमका संकटात फिल्टर तुंबतो. आपल्याकडे वादळ नाही, पण आपण डिझेलचा कॅन मोटारसायकलवर बांधून खड्ड्यांतून आणतो आणि तसाच टाकीत ओततो. तो रात्रभर ठेवावा. सकाळी वरचे तेल कापडातून गाळून घ्यावे, तळचे पेलाभर सोडून द्यावे.

फिल्टर बदलला किंवा टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. मग इंजन धडधडते आणि थांबते. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करा. आधी फेस येतो, बुडबुडे येतात. अखंड तेल आले की स्क्रू आवळा. नॉझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नका. त्याचा दाब इतका असतो की तेल कातडीतून आत घुसते. टोचल्यासारखेच वाटते, पण हात जाऊ शकतो. तसे झाले तर घरी हळद लावत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि गव्हर्नरला तार बांधून इंजन पळवू नका. हा उद्योग फार ठिकाणी चालतो.

आता एक गोष्ट, जिच्यापुढे गव्हाचे पीक काहीच नाही. पंप खालचे पाणी वीस-बावीस फुटांपर्यंतच ओढतो. उन्हाळ्यात विहीर खोल गेली की कोणी इंजनच विहिरीत उतरवतात. तसे करू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. विहिरीत तो कोंडून राहतो. माणूस उतरतो, चक्कर येते, पडतो. भाऊ त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. एकामागून एक माणसे अशीच जातात. कंदील सोडून पाहिला आणि तो विझला नाही, म्हणून हवा चांगली असे समजू नका. हा वायू कंदिलाला कळत नाही. कोणी पडला तर वरूनच दोर टाका, आरडाओरड करा, ११२ नंबर लावा. आत उडी घेऊ नका. आई रडत असली तरी घेऊ नका.

ज्यांनी प्रश्न विचारला, त्यांच्या इंजनाचे झाकण आम्ही अजून पाहिलेले नाही. त्यांचा दोष आमच्यासारखाच असेल असे नाही. फिल्टरही असू शकतो. उद्या सकाळी आठ वाजता आम्ही त्यांच्याकडे नदीवर येतो. ज्यांना पाहायचे त्यांनी यावे. टाकी भरून, झाकण लावून इंजन सुरू करू. आवाज बसू लागला की इंजन बंद न करता झाकण हळूच सैल करायचे आणि कान द्यायचा. फुस् झाले आणि इंजनाने पुन्हा उचल खाल्ली, तर एक दाभण पुरे. दाभण आम्ही आणतो.