वेष, भूमिका आणि पडद्यामागची माणसे
(धरणगाव येथील शिंपी समाजाच्या ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या चालकांनी नाटकाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. नाट्यशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु नोकरीची सारी वर्षे आम्ही शाळेत स्नेहसंमेलने बसविली, आणि त्याआधी वडिलांच्या दुकानात पायमशिनवर बसून हौशी मंडळ्यांचे अंगरखे शिवले. एवढ्या दोन अधिकारांवर आज आपल्यापुढे उभे आहोत. बालकवींच्या या गावात कवितेविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. नाटकाविषयी शिंप्याने बोललेले फारसे कोणी ऐकले नसेल.

आपल्याकडे नाटक एका जातीचे नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेथून आपण मराठी रंगभूमीचा आरंभ धरतो. त्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि पात्रे स्वतःच गाऊ लागली. हे संगीत नाटक. शाहूनगरवासी मंडळीने गद्य नाटक गाजविले. यांखेरीज तमाशा आहे: गण, गवळण, बतावणी आणि वग. आपल्या खानदेशच्या यात्रांतून वगाला बसलेली माणसे पहाटेपर्यंत हलत नसत. इकडे वहीगायन आहे, साक्री-पेठेकडील कोकणा बांधवांचा मुखवट्यांचा भोवाडा आहे. शहरातील विद्वान या गोष्टींना नाटक म्हणावयास कचरतात. आम्ही कचरत नाही. जेथे एक मनुष्य दुसऱ्याचे सोंग घेतो आणि तिसरा ते खरे मानून पाहत बसतो, तेथे नाटक झाले.

आता पडद्यामागे चला, कारण आमचा खरा मुक्काम तेथे. प्रेक्षक नटाचे नाव घेऊन घरी जातो. परंतु नाटक लिहिणारा एक, बसविणारा एक, नेपथ्य उभारणारा एक, दिवे सांभाळणारा एक, रंगपटात तोंडे रंगविणारा एक, अशी ती मोठी बिऱ्हाडे असतात. पूर्वी दिग्दर्शक हा शब्द नव्हता. तालीममास्तर म्हणत, आणि त्यांच्या हातात छडीही असे. या सर्वांत शिंप्याचे काम आम्हांस विशेष ठाऊक. रोजच्या सदऱ्याची आणि नाटकाच्या अंगरख्याची शिवण एक नव्हे. अंगरखा आज सडपातळ राजाच्या अंगावर, तर पुढल्या वर्षी स्थूल राजाच्या अंगावर चढावयाचा. म्हणून शिवणीत माया भरपूर सोडावी लागते. दोन प्रवेशांच्या मध्ये वेष पालटावयाचा, म्हणून काजबटणांऐवजी बंद लावावयाचे. काठ हातभर अंतरावरून नव्हे, शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे. तेथे बारीक नक्षी व्यर्थ, रुंद पट्टी बरी. आणि कापड दिवसाउजेडी पसंत करू नये. तांबड्या दिव्याखाली हिरवा शेला काळवंडतो. आमचे वडील रात्री दुकान बंद करून पेट्रोमॅक्सच्या बत्तीसमोर कापड धरून पाहत. तेव्हा आम्हांस ते वेड वाटे.

या यादीतील सर्वांत दुर्लक्षित मनुष्य म्हणजे प्रॉम्प्टर. तो विंगेत पुस्तक घेऊन बसतो. सारे नाटक त्याला पाठ असते, आणि त्याचा आवाज प्रेक्षकांस ऐकू गेला तर ते त्याचे अपयश. या माणसाकडे आम्ही शेवटी पुन्हा वळणार आहोत.

वेष चढविला म्हणजे मनुष्य बदलतो काय? आपल्या नामदेव महाराजांचे कीर्तन आणि एकनाथ महाराजांची भारुडे ही याची उत्तम उदाहरणे होत. भारुडात नाथ कधी वेडी होतात, कधी जोशी, कधी महार; आणि पैठणच्या ब्राह्मणाच्या मुखातून त्या काळी ज्यांना कोणी बोलू देत नसे ती माणसे बोलू लागतात. पुढे पठ्ठे बापूरावांनी, म्हणजे श्रीधर कुलकर्णी यांनी, कुलकर्णीपण बाजूस ठेवून तमाशाचा फड धरला आणि त्याबद्दल समाजाचा रोष सोसला. सोंग घेतलेला मनुष्य टाळ्या मिळवितो. सोंगाच्या माणसांत जाऊन राहिला की तोच मनुष्य बहिष्कृत होतो, हे विचार करण्याजोगे आहे.

यात सर्वांत मोठे नाव बालगंधर्वांचे. जळगावास त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. नारायणराव राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्राला वेड लावले. १९११ साली ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली, तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. त्यांचे लुगडे नेसणे, त्यांचा अंबाडा, त्यांचे दागिने पाहून घरंदाज स्त्रिया तसा शृंगार करू लागल्या. म्हणजे पुरुषाने नेसलेले लुगडे पाहून स्त्रिया नेसण शिकल्या. परंतु घरंदाज स्त्रीने तेच लुगडे नेसून रंगमंचावर पाऊल ठेवले असते तर त्याच प्रेक्षकांनी नाके मुरडली असती. १९१३ साली फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीही पुरुषच होता. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमळाबाई पडद्यावर आल्या. बोलक्या रंगभूमीवर १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक यांनी भूमिका केल्या, तेव्हा कोठे प्रतिष्ठित घरांची भीड चेपू लागली. तमाशात मात्र हिवरगावच्या पवळाबाई यांच्या पुष्कळ आधीच उभ्या होत्या. त्यांना कोणी धैर्याचे प्रशस्तिपत्र दिले नाही.

आता आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. १९८८ साली आमच्या शाळेत आम्ही देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील काही प्रवेश बसविले. (शारदा कायदा या नाटकावरून आला असा अनेकांचा समज आहे, १९२९ चा तो कायदा हरविलास सारडा यांच्या नावाचा.) पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी ही कथा आपणांस ठाऊक आहेच. शारदेसाठी आम्ही नववीतील आपल्याच ज्ञातीची एक मुलगी निवडली. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. पंधरा दिवसांत तिला स्वतःचीच नव्हे, सर्वांची भाषणे पाठ झाली. प्रयोगाला चार दिवस उरले असता तिचे वडील शाळेत आले. म्हणाले, “गुरुजी, पोरीला आम्ही शिकायला पाठवतो. उद्या सोयरिकीला कोणी विचारील, हीच का ती नाटकातली?”

आम्ही काय करावयास हवे होते हे आज सर्वांना सांगता येईल. आम्ही म्हणालो, “तुमचे म्हणणे बरोबर आहे.” मुलगी दारातच उभी होती.

शारदेचे काम एका मुलाला दिले. त्याला चार दिवसांत पाठांतर होईना, म्हणून त्या मुलीलाच प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसविले. विंगेत कोणी पाहत नाही, म्हणून वडिलांचीही हरकत नव्हती. प्रयोगात मुलाच्या निऱ्या सुटल्या, प्रेक्षक हसले, मुलगा सगळे विसरला. तेव्हा विंगेतून ती एकेक वाक्य सांगत गेली. पुढच्या रांगांना तिचा आवाज ऐकू येत होता. हळूहळू हसणे थांबले. मुलगा नुसते ओठ हलवीत राहिला आणि शारदा बोलत राहिली. समारंभात उत्तम दिग्दर्शनाबद्दल नारळ आम्हांस मिळाला. दुसऱ्या वर्षी त्या मुलीचे लग्न झाले. तिने आम्हांस पत्रिका आणून दिली, पाया पडली, नाटकाविषयी एक शब्द काढला नाही.

त्या बाई आज या मंडपात बसल्या आहेत. नाव घेणार नाही. यंदाच्या मेळाव्यात संध्याकाळी जी एकांकिका व्हावयाची आहे, तीत त्यांच्या कन्येने काम करण्याची इच्छा चिटणीसांस लेखी कळविली. कार्यकारिणीत दोन ज्येष्ठांनी हरकत घेतली. शब्द निराळे होते, परंतु मुद्दा सोयरिकीचाच होता. ज्येष्ठांविषयी आम्हांस आदर आहे. त्यांच्यापैकी एकाने आम्हांस लहानपणी काज करावयास शिकविले. तरीही या वेळी आम्ही ‘तुमचे म्हणणे बरोबर आहे’ असे म्हणालो नाही. बैठक लांबली. अखेर अध्यक्षांनी पात्रयादी करण्याचे काम आमच्यावर सोपविले.

यादी आज सकाळी चिटणीसांच्या हाती दिली आहे. नायिकेच्या नावापुढे त्या मुलीचे नाव आहे. पोलक्याचे माप परवाच घेतले, माया दीड बोट सोडली आहे. प्रॉम्प्टरची जागा रिकामी होती. तेथे आम्ही आमचे नाव लिहिले.