डुलणारी लाकडी भिंत

मे 2023 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो इथं दहा मजल्यांची एक लाकडी इमारत मुद्दाम गदागदा हलवण्यात आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या उघड्यावरच्या अजस्र कंपनमंचावर ती उभी होती, आणि मंचाला 1994 च्या नॉर्थरिज भूकंपासारखे हादरे दिले गेले.

हे लाकूड म्हणजे आपल्या वाड्यातले वासे नव्हेत. फळ्यांचा एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, पुन्हा उभा, असे तीन, पाच, सात थर गोंदानं चिकटवून दाबतात. प्लायवूडचा थोरला भाऊच म्हणा ना! लाकूड दमटपणानं रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं. काटकोनातला शेजारचा थर त्याला धरून ठेवतो.

खरी गंमत भिंतींत होती. त्या पायाला जखडलेल्याच नव्हत्या! पायापासून वर पोलादी गज ताणून बांधले होते. धक्का बसला की भिंत डुलते, तिचा एक कोपरा किंचित उचलला जातो आणि गज तिला परत जागेवर ओढतात. इंग्रजी यू अक्षरासारख्या पोलादी पट्ट्या वाकत वाकत धक्का गिळतात. हादरे थांबले तेव्हा इमारत सरळ उभी होती.

आणि आग? जाड लाकूड मिनिटाला जेमतेम 0.65 मिलिमीटर कोळसतं. तो कोळसाच आतल्या लाकडाचं रक्षण करतो. मात्र उष्णतेनं गोंद सुटून थर गळाला, तर आग पुन्हा भडकते. म्हणून हल्ली गोंदाचीही परीक्षा आगीतच घेतात.