अंगठा द्यायचा नाही, अंगठ्यानं लिहायचं

(नंदुरबार इथं तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय तुम्हाला फालतू वाटेल. लिहायला साधन कोणतं बरं? पेन, टाइपरायटर, कॉम्प्युटर की मोबाइल? कीबोर्ड कोणता, एडिटर कोणता? मुंबई-पुण्याहून आलेली पोरं म्हणतात, ज्याची त्याची आवड. मी म्हणतो, आवडीच्या मागं मालकी दडलेली असते. हत्यार हातात घ्यायच्या आधी ते कुणाचं आहे ते विचारा.

या जिल्ह्याचंच बघा. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार वाटलं. पंतप्रधान आले, सोनिया गांधी आल्या, कॅमेरे आले. कॉम्प्युटर आदिवासींच्या दारात आला. पण कशाला आला? आपली बोटं, आपले डोळे नोंदवून घ्यायला आला. आपण लिहावं म्हणून आला नाही. पूर्वी सावकाराच्या वहीत अंगठा उठवायचो, आता मशीनवर ठेवतो. लिहिणारा वेगळा, लिहिला जाणारा वेगळा. ही वाटणी मोडायची, हाच आजचा मुद्दा.

१९७६ साली अमेरिकेत व्हीआय आणि ईमॅक्स असे दोन एडिटर निघाले. एडिटर म्हणजे मजकूर टाइप करायचा, खोडायचा, जुळवायचा प्रोग्राम. त्यातला भारी कोणता यावर त्यांचे भक्त अजून भांडतात. भांडोत बिचारे. त्याच १९७६ साली आपल्याकडं आणीबाणी होती आणि मजकुरावर सेन्सॉरची कात्री चालत होती. आपलं भांडण त्याच्याही आधी सुरू होतं : आम्हाला लिहू देणार की नाही? १९२० साली बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे देऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. म्हणून चळवळीला स्वतःचा छापखाना लागला. दादरच्या आंबेडकर भवनात बुद्धभूषण प्रेस होता. २०१६ च्या जूनमध्ये एका रात्रीत ती इमारत पाडली. छापखान्याची किंमत आपल्यापेक्षा पाडणाऱ्यांना जास्त कळते.

ज्यांच्याकडं छापखाना नव्हता त्यांनी सायक्लोस्टाइल धरला. नव्या पोरांनी तो बघितला नसेल. मेणाचा स्टेन्सिल कागद टाइपरायटरमध्ये घालायचा, रिबन बाजूला करायची आणि ठोकायचं. अक्षराचा खिळा मेण कापतो. कापलेल्या जागेतून शाई कागदावर उतरते. टाइपरायटर नसला तर लोखंडी लेखणीनं हातानं कोरायचं. चूक झाली तर लाल औषध लावून बुजवायची. अक्षर फाटकं, शाई हाताला, वास डोक्यात. पण एकानं हँडल फिरवलं, एकानं पानं लावली, एकानं टाचण्या मारल्या की रात्रीत काही शे प्रती तयार. कुठल्या मालकाचा होकार लागत नव्हता. ते साधन सुंदर होतं म्हणून नव्हे, सगळ्यांच्या हातात होतं म्हणून आपलं होतं.

मग डीटीपी आलं. अंक देखणे झाले. पण त्या काळच्या फॉन्टांत एक मेख होती. पडद्यावर दिसायचा ‘क’, पोटात मात्र इंग्रजी अक्षराचा नंबर. तो फॉन्ट मशीनवर नसला की कविता उघडते आणि दिसतात नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. चळवळीचे कित्येक अंक असे फ्लॉपीत आणि सीडीत मुके होऊन पडलेत. मजकूर आपला, किल्ली दुसऱ्याकडं.

युनिकोडनं ही मेख काढली. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा आहे. ‘क’ म्हणजे २३२५, ‘ळ’ म्हणजे २३५५. जगातल्या कुठल्याही मशीनवर तोच. म्हणून माझं सांगणं सरळ आहे. लिहायचं ते युनिकोडमध्ये आणि मूळ प्रत ठेवायची साध्या टेक्स्ट फाइलीत. नोटपॅड पुरे. नटवायचं काम छापताना करा. साधी फाइल गरिबाच्या जुन्या मशीनवरही उघडते आणि वीस वर्षांनीही उघडेल.

आता कीबोर्ड. बहुतेक पोरं इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप करतात. त्यात ‘बाळ’ लिहायला कॅपिटल एल शोधावा लागतो. म्हणजे आईची भाषा लिहायची तर इंग्रजीच्या दारातून वाकून जायचं. धडगावच्या आश्रमशाळेतल्या पोरीला इंग्रजी धड शिकवलीच नसेल, तर तिनं लिहायचंच नाही का? इनस्क्रिप्ट शिका. १९९१ च्या भारतीय मानकात तो आहे. सरकारी म्हणून नाक मुरडू नका, सरकारच्या हातून एखादं काम बरं होतं. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘र’च्याच कळेवर शिफ्ट दाबली की ‘ऱ’. आपल्या अहिराणीतलं ‘ऱ्हायना’ झक्कास उमटतं.

पण उमटलं तरी फोन गप्प बसत नाही. तुम्ही ‘मना गावले’ लिहा. तो खाली लाल रेघ ओढतो किंवा पुस्तकी शब्द पुढं करतो. १९६९ साली लिटल मॅगझिनच्या पोरांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला होता. आता तो शुद्धलेखनवाला संपादक तुमच्या खिशात येऊन बसलाय, आणि त्याला जाळताही येत नाही. बोलून टाइप करायची सोय आहे, ती वापरा. ज्या आईला अक्षर येत नाही तिचं म्हणणं त्यानं कागदावर येतं. पण मराठी निवडली की ते मशीन प्रमाण मराठीच्या कानानं ऐकतं. पावरी, मावची, देहवाली बोलणाऱ्या बाईचं वाक्य ते भलतंच करून टाकतं. म्हणून तिच्यासमोर बसा, वाचून दाखवा, ती म्हणेल तसं दुरुस्त करा. सेटिंगमध्ये जाऊन ती आपोआप दुरुस्ती बंद करा.

आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात आदिवासी ६९ टक्क्यांवर, अनुसूचित जाती तीन टक्क्यांच्या आत. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात आदिवासीही होते, भूमिहीनही होते, बायाही होत्या. याच शहाद्याच्या चळवळीतून वाहरू सोनवणे कवी म्हणून उभे राहिले आणि भिलोरीतून लिहिते झाले. अंक आपला म्हणवायचा आणि त्यात भिलोरीची एक ओळ नसायची, तर आपणही छोटे ‘केसरी’च की.

तेव्हा इथून उठताना तीन कामं घेऊन उठा. प्रत्येक शाखेत दोघांनी इनस्क्रिप्ट शिकायचं, त्यातली एक पोरगी असली पाहिजे. जुने अंक शोधायचे, मुक्या फाइली पुन्हा टाइप करायच्या आणि प्रती तीन ठिकाणी ठेवायच्या. कारण एक जागा एका रात्रीत पाडता येते. तिसरं, पुढच्या अंकात दोन पानं इथल्या बोलींची, बोलणाऱ्याच्या नावानं, ‘शुद्ध’ न करता.

पेन आवडतं त्यानं पेन धरावं. मोबाइल आवडतो त्यानं अंगठा चालवावा. पण एकलव्याचा अंगठा ज्यांनी मागितला, त्यांनी पुन्हा मागितला तर सांगा : रिकामा नाही, लिहितोय.

जय भीम!