प्राध्यापकांचे प्रशिक्षण आणि वर्गातील चर्चा
(भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



महाविद्यालयात नवी साधने आली म्हणजे शिक्षण सुधारले, असा एक समज रूढ झाला आहे. खडू-फळ्याच्या जागी पडदा आला, हाती मोबाईल आला. परंतु विद्यार्थी पूर्वी गप्प बसत होता तसा आजही गप्पच आहे. आम्ही आज बोलणार आहोत ते या गप्प बसण्याविषयी.

कोणताही वर्ग पाहा. प्रश्न विचारताच पुढच्या बाकावरचे तीन-चार हात वर होतात आणि तास पुढे सरकतो. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेली मुलगी मागे बसलेली असते. उत्तर ठाऊक असूनही ती बोलत नाही. भाषा अशुद्ध ठरेल, इंग्रजी अडखळेल, सारे हसतील, ही तिची धास्ती. तीन वर्षे जिला वर्गात तोंड उघडता आले नाही, ती उद्या मुलाखतीत किंवा ग्रामसभेत आपली बाजू कशी मांडणार?

यात दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. या सुधारणेला एक पैसाही लागत नाही.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून आपली पद्धतच बदलली. थोडे शिकवायचे, मग विचार करायला लावणारा एक प्रश्न पर्यायांसह द्यायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने, न बोलता मत नोंदवायचे. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तर शिक्षकाने लगेच उत्तर सांगायचे नाही; विद्यार्थ्यांनी शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवायचे आणि पुन्हा मत द्यायचे. अर्थशास्त्राच्या तासाला विचारून पाहा : 'भाववाढीचा दर ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वस्तू स्वस्त झाल्या, महागल्या की भाव तेच राहिले?' अनेकजण 'स्वस्त झाल्या' म्हणतील. भाव वाढतच आहेत, फक्त वेग मंदावला, हे शेजारीच शेजाऱ्याला समजावून देईल.

येथे कुणी विचारील, चुकीचे उत्तर देणारे दोघे एकत्र बसले तर काय होणार? कोलोराडो विद्यापीठातील जीवशास्त्राच्या वर्गांवरील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. गटात आधी कुणालाच बरोबर उत्तर ठाऊक नसतानाही चर्चेने समज वाढते, असे त्यात आढळले.

मग तंत्रज्ञानाचे काम काय? मोबाईलवर दिलेले मत शेजाऱ्याला दिसत नाही, आणि कोणत्या पर्यायाला किती मते पडली हे शिक्षकाला क्षणात कळते. भित्र्या विद्यार्थ्याला हा मोठा आधार आहे. तथापि ज्याच्याजवळ मोबाईल नाही त्याला वगळून चालणार नाही. मतदानाची यंत्रे आणि साधी पुठ्ठ्याची कार्डे यांची तुलना २००८ साली एका अभ्यासात झाली; शिकण्यात उल्लेखनीय फरक पडला नाही. तेव्हा पैसे नाहीत ही सबब कुणी सांगू नये. 'मूडल' या विनामूल्य प्रणालीत तर अशी सोय आहे की, स्वतःचे उत्तर लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरे दिसत नाहीत. तिथे मराठीत लिहिण्याची मुभा द्यावी.

आता प्रशिक्षणाविषयी. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत प्राध्यापकांसाठी उद्बोधन व उजळणी वर्ग सुरू झाले. पुढे मुंबईच्या आय.आय.टी.ने दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रकल्प राबविला. त्यात आधी ठिकठिकाणच्या केंद्रांचे समन्वयक तयार केले आणि मग पवईहून थेट प्रक्षेपणाने देशभरच्या शिक्षकांपर्यंत व्याख्याने पोचविली. केंद्रावर हाताला धरून शिकविणारा माणूस हवा, हा त्यातला धडा आम्हांस मोलाचा वाटतो.

परंतु चर्चा कशी घ्यावी, यावर केवळ व्याख्यान देऊन चर्चा घेता येत नाही. म्हणून आमचे सांगणे असे : शिबिरात बटणे शिकविण्यास एक तास पुरे. उरलेला वेळ प्राध्यापकांनी स्वतःच्या विषयाचे प्रश्न तयार करावेत, सहकाऱ्यांना विद्यार्थी करून ते वापरून पाहावेत आणि महिन्याने पुन्हा एकत्र येऊन काय जमले, काय फसले ते सांगावे. मतदानाचा उपयोग हजेरीसाठी किंवा गुण कापण्यासाठी मात्र करू नये. तसे झाले की विद्यार्थी विचार सोडून शेजाऱ्याचे उत्तर उतरवू लागतो.

मित्रहो, यंत्र बोलायला लावत नाही, शिक्षक लावतो. उद्याच्या तासाला एकच चांगला प्रश्न न्या, तीन सेकंद थांबा आणि मागच्या बाकाकडे पाहा. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.